सावंतकाकींचा ह

१९८६ साली, अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी, मंगल शांताराम सावंत, राहणार घाटकोपर, यांच्यावर अन्याय झाला. करणारे आमचे साहेब, पाध्ये. ठिकाण मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा नवा गाळा. सामान अजून खोक्यांतच होतं. काकी नेहमीसारख्या प्लॅस्टिकच्या पिशवीत डबा आणि पेन्सिली घेऊन आल्या, आणि साहेब उभ्याउभ्याच म्हणाले, "सावंतबाई, अक्षरं आता मशीनमध्ये गेली. तुमचं काम झालं." काकींनी विचारलं, "माझे कागद?" ते जुन्या गाळ्यातून सामान हलवताना रद्दीत गेले होते.

काकी रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "साहेब, माझा ह राहिलाय." साहेबांना ते कळलं नाही. शेजारच्या खोक्यावर बसलेल्या मलाही तेव्हा कळलं नाही.

पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला सुरुवात अशीच जमते. कुणावर, कधी, कुणी, आणि मग बाकीचं. दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिही, जरा हलकंफुलकं लिही, असं मला सांगितलं गेलंय. प्रयत्न करते.

आधी आमचा धंदा सांगते, कारण तो माझ्या आईलाही अजून कळलेला नाही. कॉम्प्युटरला जोडलेल्या प्रिंटरच्या तोंडात बारीक सुया असतात. सुई रिबिनीवर आपटली की कागदावर ठिपका उठतो. इंग्रजी अक्षरांसाठी कुठल्या सुया आपटायच्या हे प्रिंटरला कारखान्यातूनच शिकवून पाठवलेलं असतं. मराठी शिकवलेलं नसतं. ते शिकवायला आम्ही एक चिप बसवतो, आणि त्या चिपमध्ये प्रत्येक अक्षराचा ठिपक्यांचा नकाशा असतो. ग्राफपेपर घ्या. एका अक्षराला चोवीस घरं उंच आणि तेवढीच रुंद जागा द्या. शाई हवी ते घर काळं करा, नको ते मोकळं ठेवा. झाला नकाशा. मग आठ-आठ घरांचा मिळून एकेक आकडा करायचा, ते आकडे फाईलमध्ये भरायचे आणि फाईल चिपमध्ये.

आता, घरं काळी करायचं काम कुणाचं? सगळ्यांना वाटतं, इंजिनिअरचं. पाध्येसाहेबांनाही तसंच वाटलं होतं. ते स्वतः इंजिनिअर. त्यांनी काढलेला 'अ' मी पाहिलाय. बांधकाम अर्धवट सोडलेल्या इमारतीसारखा दिसायचा. मग एकदा मुलुंडला शेजाऱ्यांकडे चहाला गेले असताना त्यांना भिंतीवर एक फ्रेम दिसली. मॅटीच्या कापडावर फुल्याफुल्यांचं भरतकाम, बाजूला दोन पोपट, मधे 'सुस्वागतम'. फुल्या सगळ्या चौकोनी आणि अक्षरं मात्र गोल. साहेबांनी चहा अर्धा ठेवून विचारलं, हे कुणी केलं? साड्यांना फॉल लावून देणाऱ्या सावंतबाईंनी, घाटकोपरच्या. काकी आमच्या धंद्यात आल्या त्या अशा.

काकी मूळच्या मालवणकडच्या. सावंतकाका गिरणीत होते. गिरणी बसली तसे मुलुंडच्या एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन झाले. मी राहते त्या भटवाडीच्या वरच्या अंगाला, टेकडीवर, त्यांचं घर. मी क्लासमध्ये 'बेसिक' ही कॉम्प्युटरची भाषा शिकून पाध्यांकडे ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा आमचा गाळा घाटकोपरलाच होता, आणि काकी दिवसाआड कागद घेऊन यायच्या. संध्याकाळी मी वस्तीच्या पाणी समितीसाठी पत्रकांच्या स्टेन्सिल कापायचे. अक्षरं घडवणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून आमचं जमलं. काकी माझी पत्रकं घेऊन लांब धरायच्या, डोळे बारीक करायच्या. मजकूर वाचायच्याच नाहीत. "तुझो 'भ' दमलेलो दिसता," म्हणायच्या. मी म्हणायचे, "काकी, नळाला चार दिवस पाणी नाही ते वाचा ना." त्या म्हणायच्या, "ता माका म्हायत आसा. पाणी माझ्याच नळाक नाय."

त्या सोमवारी नव्या जागेत त्या आल्या आणि परत गेल्या. मी खोक्यावरून उठलेसुद्धा नाही. नोकरीला वर्ष व्हायचं होतं. त्याबद्दल आणखी काही लिहीत नाही.

धंदा वाढला. आमची चिप विकली जाऊ लागली. सोसायट्यांच्या नोटिसा, शाळांचे निकाल, पतपेढीच्या पावत्या, सगळं काकींच्या अक्षरात घरोघर जाऊ लागलं. एक लग्नपत्रिकावाला यायचा. त्याला प्रत्येक अक्षराला नक्षीची टोपी हवी होती. बोरिवलीचे एक सोसायटीचे सेक्रेटरी थकबाकीदारांची नावं इतरांपेक्षा जाड छापून मागायचे, आणि एकदा त्यांचं स्वतःचंच नाव जाड आलं तेव्हा चिप सदोष आहे म्हणून भांडायला आले. अशा लोकांत माझे दिवस मजेत जायचे.

मग दातार गुरुजी आले. कांदिवलीला चारकोपमध्ये सेक्टरची नवी घरं झाली होती, तिथे राहायचे आणि कॉम्प्युटरवर जन्मपत्रिका करून द्यायचे. पांढरं धोतर, हातात ब्रीफकेस. त्यांनी ब्रीफकेसमधून एक छापील पत्रिका काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हे काय आहे?"

"पत्रिका आहे," साहेब म्हणाले.

"ते मला कळतं हो. हा ह बघा. पाय तोडलाय त्याचा. माझ्या धंद्यात ग्रह हा शब्द प्रत्येक ओळीत येतो, पाध्ये. काल एक बाई मुलीची पत्रिका परत घेऊन आली. म्हणाली, गुरुजी, हिचे सगळे ग्रह लंगडतायत, हे स्थळ नको. चांगलं स्थळ गेलं. माझी दक्षिणा गेली ती वेगळीच."

मी हसले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं तशी मी कागदाकडे बघू लागले, आणि मला तो ह दिसला. रोज शेकडो वेळा डोळ्यांखालून जात होता. वरचा भाग सुरेख, मान, पोट, सगळं जिथल्या तिथे. पण खाली जी शेपूट वळून सुटायला हवी ती नव्हतीच. कुणी पट्टीने कापल्यासारखी सपाट. 'माझा ह राहिलाय' म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

त्या संध्याकाळी टेकडी चढून काकींकडे गेले. त्या दारात बसून साडीला फॉल लावत होत्या. म्हटलं, "काकी, ह चं काय झालं होतं?"

त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. "तुका कोणी सांगितल्यान?"

"चारकोपच्या ज्योतिषाने."

मग त्यांनी सांगितलं. उकार अक्षराच्या खाली बसतो, त्याच्यासाठी तळाची घरं मोकळी सोडावी लागतात. ह ची शेपूट नेमकी तिथेच उतरते. इंजिनिअरला विचारून काय ते ठरवू म्हणून त्यांनी तेवढ्यापुरती शेपूट कापून कागद दिला. त्याच आठवड्यात धाकटा बाबू तापाने फणफणला, त्या त्याच्याजवळ बसून राहिल्या. परत येईपर्यंत कागदावरचे आकडे फाईलमध्ये गेले होते. "म्हटलं, मागाहून करीन. मागाहून कोणी करूकच दिल्यान नाय." त्यांनी उठून फळीवरच्या डब्याखालून एक पावती काढली. बाबूच्या शाळेच्या फीची, आमच्याच चिपवर छापलेली. "बघ. माझ्या घरात येता आता तो. बाबूक वाटता, ह असोच काढूचो असता. परवा वहीत तसोच काढल्यान."

मी तिथल्या तिथे तापले. म्हटलं, "काकी, तुमचे कागद त्यांनी रद्दीत घातले, तुम्हाला घालवलं, तुमच्या अक्षरांवर धंदा चाललाय आणि जाहिरातीत लिहितात 'आमच्या तज्ज्ञांनी विकसित केलेली'. हे सगळं राहू दे आणि तुम्हाला शेपूट हवीय?"

"होय," काकी म्हणाल्या. "तुझा ता तू बघ. माका शेपूट होई."

साहेबांनाही शेपूट हवी होतीच, कारण दातार गुरुजी पैसे परत मागत होते. पण करणार कसं? कागद नव्हते. ज्या इंजिनिअरने आकडे भरले तो दुबईला गेला होता आणि आकड्यांचा क्रम कसा लावला ते कुठे लिहून ठेवलं नव्हतं. उरली होती नुसती फाईल. ती पडद्यावर उघडली की बदाम, इस्पिक, हसरे चेहरे, उलटे प्रश्नचिन्ह असला भंगार बाजार दिसायचा, आणि मधूनच मशीन आपोआप 'टीं' करायचं. एवढं सगळं मराठी त्याच्या आत होतं आणि माणसाला त्यातला एक काना दिसत नव्हता. साहेब म्हणाले, "बाहेरून कुणालातरी बोलावून नवा ह काढून घेऊ. फाईलमध्ये त्याची जागा सापडली की बसवून टाकू."

मी म्हटलं, "सर, मला फाईल वाचता येईल अशी करून बघू द्या. शनिवारी दुपारी मशीन रिकामंच असतं."

"वाचता येईल अशी म्हणजे?"

"म्हणजे माणसाला. आकडा घ्यायचा, फोडायचा, त्यात दडलेली आठ घरं बाहेर काढायची. काळ्या घराला फुली, रिकाम्याला काही नाही. अक्षर दिसेल."

"बघ," ते म्हणाले. "चहाचे पैसे मी देणार नाही."

प्रोग्राम लहानसाच. आकड्यातून एकशे अठ्ठावीस जातात का? जात असतील तर फुली. उरलेल्यातून चौसष्ट जातात का? असं करत एकापर्यंत. वजाबाकी येणाऱ्या कुणालाही जमेल. पण पहिला कागद बाहेर आला आणि मी कपाळाला हात लावला. अक्षर नव्हतंच. बोटभर रुंदीचा लांबलचक पट्टा, त्यात फुल्यांचे पुंजके, एका कडेने सरळ रेघ. गोधडी उसवल्यासारखं काहीतरी.

ती गुंडाळी तशीच घेऊन मी काकींकडे गेले आणि जमिनीवर पसरली. काकी चष्मा लावून वाकल्या. सावंतकाका रात्रपाळी करून आलेले, चटईवर कुशीवर पडले होते. दुपारची झोप मोडली म्हणून वैतागले होते.

"ह्या काय गो?" काकी म्हणाल्या. "माझा नाय ह्या."

"तुमचंच आहे. पण काहीतरी चुकतंय."

"माझा असता तर माका दिसला नसता?"

चटईवरून काकांचा आवाज आला. "ती कडेची रेघ शिरोरेघ मा?"

आम्ही दोघींनी वळून बघितलं. ते कुशीवर पडूनच कागद बघत होते. म्हणाले, "तुमी उभ्यान बघतास. अक्षरा निजली हत. माका निजान बराबर दिसता."

काकी म्हणाल्या, "सगळ्या घरात तुमीच एक शाणे." पण हळूच मान वाकडी करून बघू लागल्या. मग मीही जमिनीवर गाल टेकून बघितलं. खरंच, रेघ आडवी झाली आणि तिच्याखाली काहीतरी लोंबत होतं. पण वरचा तुकडाच. जरा पुढे गेलं की मधला तुकडा, त्याच्यापुढे पाय. अक्षर आडवं निजवून त्याचे तीन पट्टे कापलेले होते. तेवढ्यात बाबू शाळेतून आला, आणि घरातली तीन मोठी माणसं मान वाकडी करून जमिनीवर पडलेली बघून दारातच उभा राहिला. काकी त्याला म्हणाल्या, "हातपाय धू जा," जसं काही झालंच नाही.

सोमवारी प्रिंटर चालू असताना मी नीट बघितलं आणि सगळं जुळलं. त्याचं तोंड मराठीची एक ओळ छापायला तीनदा फिरायचं. पहिल्या फेरीत शिरोरेघ आणि डोकी, दुसरीत पोटं, तिसरीत पाय. सुया उभ्या, एकीखाली एक, म्हणून आकडेही उभे भरलेले. मी आडवे वाचत होते. प्रोग्राम बदलला. पट्टे उभे केले, एकाखाली एक जोडले. 'क' बाहेर आला. कागदावर, फुल्याफुल्यांचा, ओळखू येणारा क. मी गाळ्यात एकटी होते ते बरं झालं. फार वेळ त्याच्याकडे बघत बसले.

काकींना दाखवला तर म्हणाल्या, "उपाशी ठेवलंस काय गो ह्याका?" बरोबर होतं. प्रिंटरची फुली रुंदीपेक्षा उंच असते, त्यामुळे अक्षर लांबट, बारीक, काठीसारखं आलं होतं. मग प्रत्येक घराला दोन-दोन फुल्या शेजारी शेजारी घातल्या. पोट भरलं. दुसरी तक्रार, रिकामी घरं मोजता येत नाहीत, बोट घसरतं. मी रिकाम्या जागी टिंब घातलं. त्यामुळे आणखी एक फायदा झाला, कारण मोकळी जागा सोडली की आमचा लिहायचा प्रोग्राम ओळीच्या शेवटची जागा गिळून टाकायचा आणि अक्षराची उजवी बाजू कोसळायची. टिंब तो गिळत नाही.

मग सगळी फाईलच काढली. अ पासून ज्ञ पर्यंत, काना, मात्रा, वेलांट्या, आकडे. घडीघडीचा लांब कागद. बाबूच्या मदतीने तो त्यांच्या घरात उलगडला. या टोकाच्या मोरीपासून त्या टोकाच्या देवापर्यंत गेला आणि दारातून बाहेर ओट्यावर उतरला. काकी पदर खोचून ओट्यापासून सुरुवात करून गुडघ्यांवर पुढे पुढे येत राहिल्या. प्रत्येक अक्षरावर बोट ठेवायच्या.

"ह्यो थ. ह्यो केलंय तेव्हा ह्यांका नोकरी गावली, वॉचमनची. ह्यो 'ग' बघ, किती वेळा खोडलंय. ह्या ठ च्या पोटात एक घर जास्ती हा, मीच ठेवलंय, नायतर प्रिंटर ता बुजवता. णा कडे बघू नको, तो माका कधी जमलोच नाय. ळ... ह्यो ळ माझ्या आयशीचो. ती चुलीपुढे रांगोळी घाली, तिच्या कमळाचो वाटोळो असोच असायचो."

काकांनी विचारलं, "आणि माझ्या नावाचो श?"

"तो फुडे हा. गप रवा."

मला वाटलं होतं की रडतील. त्या हरवलेल्या पोराची उंची दारावरच्या खुणेशी लावून बघावी तशा, गंभीरपणे, प्रत्येक अक्षराची मापं घेत चालल्या होत्या. ह पाशी आल्या आणि बोट टेकवून बसून राहिल्या. मग माझ्याकडे हात केला. "लाल पेन्सिल दी."

पण पेन्सिल घेतल्यावर थांबल्या. म्हणाल्या, "असो कसो करू? साहेबांनी बोलवूक होया. त्येंची वस्तू ती."

"तुमची वस्तू आहे," मी म्हटलं. "आणि हे बघा, मी काय आणलंय." पिशवीतून पत्रकांचा गठ्ठा काढला. आदल्या दिवशीच सायक्लोस्टाईल केला होता. 'मंगल सावंत यांना न्याय द्या. नाव द्या. काम द्या.' मरोळला सगळ्या गाळ्यांत वाटणार होते. साहेब आले की त्यांच्याही हातात देणार होते.

काकींनी एक पत्रक घेतलं. नेहमीसारखं लांब धरलं, डोळे बारीक केले. "ह झकास काढलंस," म्हणाल्या. "शेपूट कशी सुटली हा बघ."

"काकी, वाचा तरी."

"वाचलंय. माझा नाव रस्त्यार वाटू नको, बाय. माझ्या नावाचो कागद कोणाच्या पायाखाली येतलो." त्यांनी गठ्ठा उचलून परत माझ्या पिशवीत घातला, आणि त्याच हाताने पेन्सिल टेकवली. पोटाची वळणं तीन घरं वर सरकवली. मान थोडी आखूड केली. शिरोरेघेला हात लावला नाही. मोकळ्या झालेल्या ओळींत शेपूट उतरवली, तीन घरं तिरपी, मग एक घर वर वळून. उकारासाठी तळाच्या ओळी तरीही मोकळ्याच राहिल्या. इंजिनिअरला विचारायची गरजच नव्हती. त्यांनी डोकं मागे घेऊन बघितलं आणि शेवटचं वळलेलं घर खोडून एक घर पुढे नेलं. "आता चलता," म्हणाल्या.

पत्रकं माझ्या पिशवीत राहिली. अजून घरी आहेत. मला ते तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटलेलं नाही. पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्यासाठी लढायचं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं आणि मला ते येतही नव्हतं.

फुल्या-टिंबांचे परत आकडे करणारा दुसरा प्रोग्राम लिहायला फार वेळ लागला नाही. नवी चिप दातार गुरुजींच्या पत्रिकेवर चालवून बघितली. सगळे ग्रह दोन्ही पायांवर उभे. साहेब खूश. "कुणी काढला?"

"आधीचे सगळे ज्यांनी काढले त्यांनीच."

साहेबांनी कागदाची घडी केली. वाईट माणूस नव्हे. म्हणाले, "दसऱ्याला गाळ्यात पूजा आहे. सावंतबाईंना घेऊन ये."

मी आशेवर होते. काकीही असाव्यात, कारण ठेवणीतलं पातळ नेसून आल्या होत्या. मशीनना झेंडूच्या माळा घातलेल्या, प्रिंटरवर हळदकुंकू, पेढे. सगळ्यांसमोर साहेबांच्या बायकोने काकींना पाटावर बसवलं आणि त्यांची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. साहेब म्हणाले, "सावंतबाई म्हणजे आमच्या घरच्याच." टाळ्या वाजल्या.

मी म्हटलं, "घरच्या आहेत तर हजेरीपटावर का नाहीत, सर?"

"विजया, आज सणाचा दिवस आहे."

"उद्या विचारू?"

काकींनी माझं कोपर एवढं जोरात ओढलं की हातातला पेढा पडला. आणि मग, पाटावर बसल्या बसल्याच, ओटीतला नारळ सांभाळत, त्यांनी साहेबांना स्वच्छ पुण्यामुंबईच्या मराठीत विचारलं. इतकं शुद्ध मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "साहेब, नव्या चिपांचं झालं. पण ज्या आधी विकल्या गेल्या, त्यांचं काय? त्यात माझा ह तसाच आहे."

साहेब हसले. "जो कुणी जुनी चिप आणून देईल त्याला नवी बदलून देऊ. फुकट. मग तर झालं?"

"सगळ्यांसमोर बोललात ना?"

"सगळ्यांसमोर बोललो."

बसमध्ये मी घाटकोपरपर्यंत मनात पत्रक लिहून बघत होते. ओटी भरून बोळवण करतात, माणसाला कामाला ठेवत नाहीत आणि वर घरची म्हणतात. हे मला पत्रकात कसं लिहायचं तेही सुचेना. काकी नारळ कानाशी हलवून बघत होत्या. "पाणी भरपूर हा," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "किती जण येतले गो बदलूक?"

त्याला आता वर्ष होऊन गेलं. बदलायला एकच माणूस आला, दातार गुरुजी, आणि तेही, नको असलेली स्थळं मोडायला बरी म्हणून, जुनी चिप परत न्यायला मिळेल का विचारत होते. साहेबांना ठाऊकच होतं की कोणी येणार नाही. नोटीस वाचायची असते, तिच्यातल्या अक्षराचा पाय कोण बघतो? काकी मात्र बघतात. सोसायटीच्या फळ्यावर, शाळेच्या निकालावर, पतपेढीच्या पावतीवर. हजेरीपटावर त्या आजही नाहीत. फॉल लावतात. मी अजून पाध्यांकडेच आहे, आणि हा अंक त्यांच्या घरी जातो हेही मला माहीत आहे. वाचू देत.

हे लिहायला बसण्याआधी मी टेकडीवर जाऊन विचारलं, "काकी, या वेळी तुमचं नाव घालू? हा अंक कुणाच्या पायाखाली येत नाही, लोक कपाटात ठेवतात."

त्यांनी विचार केला. "माझ्या कामाचा लिवशीत की ह चा?"

"दोन्ही."

"मग घाल. पण शेवटाक ह चा लिव."

म्हणून शेवटाला लिहिते. वाचक हो, तुमच्या घरात आज कॉम्प्युटरवर छापलेला एखादा मराठी कागद नक्की असेल. तो काढा. मजकूर सोडा, ह शोधा. त्याची शेपूट पट्टीने कापल्यासारखी सपाट असेल, तर तो कागद ज्या ऑफिसातून, शाळेतून, सोसायटीतून आला तिथे जा आणि सांगा, चिप मरोळला नेऊन बदलून आणा, पैसे पडत नाहीत, मालकाने सगळ्यांसमोर शब्द दिलाय. कारकून विचारेल, एका अक्षरासाठी? त्याला सांगा, हो. हे अक्षर मंगल सावंत यांनी काढलंय आणि त्यांना ते असं नकोय. मग चिप बदलेपर्यंत त्याच्या टेबलासमोरून हलू नका. सुट्टी संपली की पहिल्याच दिवशी जा.